ओळखीच्या विमानातील अनोळखी इंजिन : टर्बोचार्जरयुक्त हलक्या विमानाकडील स्थित्यंतर आणि सवयींचे संक्रमण

विषयप्रवेश

अमेरिकेतील पायपर कंपनीचे 'ॲरो' हे चार आसनांचे, एका इंजिनाचे आणि उड्डाणात चाके आत ओढून घेणारे विमान वैमानिक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात अनेक दशके परिचित आहे. १९७७ मध्ये 'ॲरो ३' ही त्याची सुधारित आवृत्ती आली आणि तिच्या जोडीने 'टर्बो ॲरो ३' ही आणखी एक आवृत्तीही आली. दोन्ही विमानांचे पंख सारखे, आसनव्यवस्था सारखी, चाके वरखाली करण्याची कळ सारखी. दोन्ही इंजिनांचे आकारमान ३६० घन इंच व शक्ती २०० अश्वशक्ती. नाकाडाची ठेवण तेवढी वेगळी. साध्या ॲरोवर काहीशे तास उड्डाण केलेला वैमानिक टर्बो ॲरोत बसला की आपल्याच घरातील दुसऱ्या खोलीत आल्यासारखे त्याला वाटावे, इतके हे साम्य आहे.

हे साम्य फसवे आहे. साध्या ॲरोत लायकॉमिंग कंपनीचे चार सिलिंडरांचे इंजिन आहे, तर टर्बो ॲरोत कॉन्टिनेन्टल कंपनीचे सहा सिलिंडरांचे. पहिले मिनिटाला २७०० फेऱ्यांवर आपली पूर्ण शक्ती देते, दुसरे २५७५ फेऱ्यांवर. पहिल्याच्या अंतर्ग्राही नळीतील हवेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा अधिक होऊ शकत नाही. दुसऱ्यात तो ४१ इंच पाऱ्यापर्यंत, म्हणजे समुद्रसपाटीवरील वातावरणीय दाबाच्या जवळजवळ १.४ पटीपर्यंत नेता येतो. अनुभवी वैमानिक जेव्हा अशा विमानाकडे वळतो तेव्हा त्याला नवे किती शिकावे लागते, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. जुन्यापैकी किती विसरावे लागते, हा प्रश्न त्याहून अवघड असून प्रस्तुत लेखाचा रोख त्यावर आहे.

विरळ हवा आणि टर्बोचार्जर

दट्ट्याचे इंजिन हवा खाते, असे म्हटले तर ते शास्त्रीयदृष्ट्याही चुकीचे ठरणार नाही. सिलिंडरमध्ये किती हवा शिरली यावर किती इंधन जाळता येईल हे ठरते आणि त्यावर शक्ती ठरते. प्रमाणित वातावरणात समुद्रसपाटीवर हवेचा दाब २९.९२ इंच पारा असतो. चढताना सुरुवातीच्या उंचीत दर हजार फुटांमागे तो सुमारे एक इंचाने घटतो आणि १८,००० फुटांवर मूळच्या निम्म्यावर येतो. साध्या ॲरोचा वैमानिक वर चढत असताना दाबमापकाचा काटा खाली येताना पाहतो, थ्रॉटल पुढे सारत जातो, आणि आठ हजार फुटांच्या आसपास थ्रॉटल पूर्ण उघडूनही इंजिनाला पाऊणच शक्ती देता येते.

या मर्यादेवरचा उपाय स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांच्या १९०५ च्या पेटंटात सापडतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या उष्ण निष्कास वायूने एक टर्बाइन फिरवावे, त्याच दांड्यावर बसविलेल्या संपीडकाने बाहेरची हवा दाबून इंजिनाला पुरवावी, ही ती कल्पना. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सॅनफोर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये विमानाचे 'लिबर्टी' इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच पर्वताच्या माथ्यावर नेऊन या कल्पनेची परीक्षा घेतली. समुद्रसपाटीजवळ सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन माथ्यावर २३० अश्वशक्तीवर घसरले होते. टर्बोचार्जर जोडताच ते ३५६ वर गेले.

आपल्याकडे 'टर्बो' हा शब्द मालमोटारींच्या अंगावर रंगविलेला सर्वांनी वाचलेला असतो. मालमोटारीच्या चालकाला मात्र त्या यंत्रासाठी स्वतः फारसे काही करावे लागत नाही. विमानाच्या बाबतीत हे गृहीत धरता येत नाही, कारण टर्बाइनकडे किती निष्कास वायू जाऊ द्यायचा हे ठरविणाऱ्या झडपेची व्यवस्था प्रत्येक विमानात निराळी असते. या झडपेला 'वेस्टगेट' म्हणतात. काही विमानांत, उदाहरणार्थ २००१ मध्ये आलेल्या सेसना टर्बो स्कायलेनमध्ये, ती इंजिनातील तेलाच्या दाबावर आपोआप उघडझाप करते. मूळ टर्बो ॲरोत ती स्थिर आहे. वायूचा ठरावीक भाग टर्बाइनला वळसा घालून सतत बाहेर जात राहतो आणि ही वाट कार्यशाळेत एकदा जुळवून ठेवलेली असते. उरलेले सर्व नियंत्रण वैमानिकाच्या उजव्या हातात येते.

थ्रॉटलवरील हात

साध्या ॲरोच्या वैमानिकाने उड्डाणाच्या वेळी थ्रॉटल शेवटपर्यंत पुढे ढकलायचा असतो. पहिल्या धड्यापासून ते त्याच्या अंगवळणी पडलेले असते, आणि ते योग्यही आहे. अर्धवट शक्तीने धावपट्टी सोडणे हाच तिथला धोका. टर्बो ॲरोत समुद्रसपाटीजवळ हीच कृती केली तर दाब ४१ इंचांची मर्यादा ओलांडू शकतो. एक तांबडा-पिवळा इशारा-दिवा लागतो, अतिरिक्त दाब सोडणारी सुरक्षा-झडपही आहे. परंतु ती झडप अखेरचा उपाय म्हणून बसविलेली आहे, रोजच्या वापराचे नियंत्रण म्हणून नव्हे. मर्यादा किती इंचांनी आणि किती वेळ ओलांडली गेली यावर पुढील खर्च ठरतो. तो साध्या तपासणीपासून इंजिन संपूर्ण उकलण्यापर्यंत काहीही असू शकतो.

म्हणून नव्या विमानात थ्रॉटल शेवटपर्यंत न नेता मध्येच थांबवायचा असतो, आणि तोही ४१ च्या थोडा अलीकडे. टर्बाइनला वेग घेण्यास काही क्षण लागतात. हात थांबला तरी काटा थांबत नाही, तो पुढे सरकत राहतो. धावपट्टीवर वेग वाढला की समोरून घुसणाऱ्या हवेनेही दाबात थोडी भर पडते. येथे वैमानिकाची नजर ज्या क्षणी धावपट्टीवर खिळलेली असावी असे त्याला आजवर शिकविलेले असते, नेमक्या त्याच क्षणी ती वारंवार मापकाकडे न्यावी लागते. प्रारंभीच्या धड्यांत पुष्कळ वैमानिकांचे विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवरून सरकते ते यामुळे.

पुढची गुंतागुंत अधिक सूक्ष्म आहे. साध्या इंजिनात थ्रॉटल, पंख्याचा वेग आणि इंधनमिश्रण ही तीन नियंत्रणे बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे हाताळता येतात. स्थिर वेस्टगेटच्या इंजिनात ती एकमेकांत गुंतलेली असतात. पंख्याच्या फेऱ्या बदलल्या की निष्कास वायूचे प्रमाण बदलते, त्याबरोबर टर्बाइनचा वेग, त्याबरोबर संपीडकाने पुरविलेला दाब, आणि दाब बदलला की पुन्हा निष्कास वायू. मिश्रण पातळ केले तरी दाबाचा काटा हलतो. एक नियंत्रण हलविले की दुसरे पुन्हा जुळवावे लागते, ते जुळविले की पहिले पाहावे लागते. नवखा वैमानिक या काट्यांच्या मागे धावू लागतो. बदल लहान करणे आणि प्रत्येक बदलानंतर यंत्राला स्थिरावू देणे, एवढाच यावरचा उपाय आहे; पण 'थांबणे' ही कृती घाईत असलेल्या माणसाला सर्वांत शेवटी सुचते.

वर चढताना बाहेरचा दाब घटतो म्हणून थ्रॉटल हळूहळू उघडत न्यावा लागतो, आणि सुमारे १२,००० फुटांवर तो पूर्ण उघडल्यावरच ४१ इंच मिळतात. येथपर्यंत जुनी सवय उपयोगी पडते. उतरताना मात्र उलटे घडते. हवा दाट होत जाते आणि हात न लावलेल्या थ्रॉटलवरही दाब आपोआप चढू लागतो. साध्या विमानातही तो चढतो, पण तेथे बाहेरच्या हवेचा दाब हीच नैसर्गिक मर्यादा असते. येथे तशी मर्यादा नाही.

जुन्या वैमानिकांत एक ठोकताळा प्रचलित आहे : दाबाचे इंच हे शंभरांत मोजलेल्या फेऱ्यांपेक्षा अधिक असू नयेत, म्हणजे २४०० फेऱ्यांना २४ इंच. कित्येक प्रशिक्षक हा ठोकताळा नियम म्हणून शिकवितात. २५७५ फेऱ्यांना ४१ इंच ही टर्बो ॲरोच्या निर्मात्यानेच दिलेली संख्या या नियमाला सरळ छेद देते. तेव्हा नवीन विमानात बसलेल्या वैमानिकापुढे दोनच पर्याय उरतात : पुस्तिकेवर अविश्वास दाखविणे किंवा आपल्या पहिल्या गुरूचे वाक्य नियम नव्हतेच हे मान्य करणे. हा ठोकताळा साध्या इंजिनांनाही काटेकोरपणे लागू नाही, हे त्यांच्या पुस्तिकांतील तक्ते पाहिले असते तर पूर्वीच ध्यानात आले असते.

सवयींचे संक्रमण

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना अध्ययन-संक्रमणाची संकल्पना परिचित आहे. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ मध्ये असे मांडले की, एका कौशल्याचा दुसऱ्या कौशल्यास होणारा लाभ हा दोहोंतील समान घटकांवर अवलंबून असतो. हे सूत्र स्वीकारले तर साध्या ॲरोवरून टर्बो ॲरोवर जाणे हे सर्वांत सोपे स्थित्यंतर ठरायला हवे. परंतु चार्ल्स ऑसगुड यांनी १९४९ मध्ये या साम्याची दुसरी बाजू स्पष्ट केली. उद्दीपक तोच राहिला आणि अपेक्षित प्रतिसाद बदलला, तर पूर्वीचे अध्ययन मदत करण्याऐवजी आडवे येते. विमान अगदीच वेगळे असेल तर वैमानिक सावध असतो. ते जवळजवळ सारखे असेल तर त्याचे हात त्याच्या विचाराची वाट पाहत नाहीत.

विमानाच्या बाबतीत हा केवळ सिद्धान्त राहिलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी अमेरिकी वैमानिकांकडून नियंत्रणे हाताळताना झालेल्या चुकांचे ४६० अनुभव गोळा केले व १९४७ मध्ये त्यांचे विश्लेषण केले. त्यांपैकी निम्म्या चुका एका नियंत्रणाऐवजी दुसरेच हलविण्याच्या होत्या. याचे एक कारण त्या काळच्या विमानांतच दिसते. बी-२५ विमानात डावीकडून थ्रॉटल, पंखा, मिश्रण असा दांड्यांचा क्रम होता. सी-४७ मध्ये पंखा, थ्रॉटल, मिश्रण. तर सी-८२ मध्ये मिश्रण, थ्रॉटल, पंखा. एका विमानात कुशल ठरलेला हात दुसऱ्यात चुकीच्या दांड्यावर जाणे यात वैमानिकाचा निष्काळजीपणा शोधणे अन्यायाचे होते. पुढे दांड्यांचे क्रम व मुठींचे आकार बव्हंशी सारखे करण्यात आले. त्यामुळे चुकीचा दांडा हलविण्याचे प्रमाण घटले, हे खरे. परंतु योग्य दांडा चुकीच्या दिशेने हलविण्याची शक्यता तशीच राहिली. टर्बो ॲरोचे उदाहरण या दुसऱ्या प्रकारात मोडते.

इंधनाचा विद्युत पंप हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. साध्या ॲरोत उड्डाण करताना आणि उतरताना विद्युत पंप चालू ठेवावा असे शिकविले जाते. इंजिनाने चालणारा मुख्य पंप बंद पडलाच तर तो पर्याय म्हणून हजर असतो आणि एरवी त्यापासून अपाय नसतो. टर्बो ॲरोतील कॉन्टिनेन्टल इंजिनाची इंधन-प्रणाली वेगळी आहे. तेथे साहाय्यक पंपाची एक मंद स्थिती इंधनात वाफेचे बुडबुडे झाल्यास वापरायची असते, तर तीव्र स्थिती मुख्य पंप निकामी झाला तरच. मुख्य पंप चालू असताना तीव्र स्थिती वापरली तर इंजिनात गरजेहून अधिक इंधन शिरते आणि ते धडधडू लागते किंवा शक्ती गमावते. एका विमानातील दक्षतेची सवय दुसऱ्या विमानात इंजिन बंद पाडण्याचे कारण ठरू शकते.

टर्बोचार्जर निकामी झाल्यास

समजा, असा वैमानिक १६,००० फुटांवरून जात आहे आणि टर्बोचार्जर एकाएकी निकामी झाला. संपीडित हवेचा पुरवठा थांबतो. तिशीच्या वर असलेला दाबमापकाचा काटा बाहेरच्या दाबावर, म्हणजे सोळा इंचांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. हवा निम्म्यावर आली, पण इंधन त्या प्रमाणात कमी झाले नाही. मिश्रण अतिशय समृद्ध होते, इंजिन अडखळते, कदाचित पूर्ण थांबते. वैमानिकाच्या दृष्टीने ही इंजिन बंद पडण्याचीच घटना आहे.

इंजिन बंद पडल्यावर काय करायचे हे त्याला तोंडपाठ असते, किंबहुना ते तोंडपाठ असावे असाच आग्रह त्याच्या प्रशिक्षणात धरलेला असतो. विद्युत पंप चालू करा, मिश्रण पूर्ण समृद्ध करा, टाकी बदला. यातील पहिल्या दोन्ही कृती येथे अपाय करतात. जे इंजिन आधीच इंधनाच्या अतिरेकाने गुदमरले आहे, त्याला आणखी इंधन पाजले जाते. आवश्यक असते ती उलट कृती : मिश्रण हळूहळू पातळ करीत नेणे, जोपर्यंत इंजिन पुन्हा सुरळीत चालू लागत नाही तोपर्यंत. टर्बोचार्जर गेला म्हणजे इंजिन गेले असे नव्हे. ते साध्या इंजिनासारखे चालू शकते, फक्त त्या उंचीवर त्याच्यात फारच थोडी शक्ती उरते. खाली येत जावे तशी ती परत मिळत जाते. मात्र टर्बोचार्जरसाठी या इंजिनाचे संपीडन-गुणोत्तर ७.५ ठेवलेले आहे. साध्या ॲरोच्या इंजिनाचे ते ८.७ आहे. म्हणून टर्बोचार्जर गमावलेले इंजिन हे साध्या ॲरोच्या इंजिनाएवढेही समर्थ राहत नाही.

एवढ्यावर वैमानिकाने निर्धास्त होऊन प्रवास पुढे चालू ठेवणेही धोक्याचे आहे. टर्बोचार्जरला वंगण इंजिनाच्याच तेलाचे मिळते. त्याचा दांडा किंवा तेलाची नळी तुटली असेल तर इंजिनाचे तेल बाहेर वाहून जात असते. बिघाड निष्कास-नळीच्या सांध्यात असेल, तर धातूला लाल करणारा वायू इंजिनकक्षात शिरून आग लागू शकते. टर्बाइनच्या मागील नळी जोडणाऱ्या पट्टी-सांध्यांच्या बिघाडांमुळेच अमेरिकेच्या विमान-प्रशासनाने २०२३ मध्ये विशिष्ट प्रकारचे सांधे ५०० तासांनंतर बदलण्याचा आदेश काढला. तेव्हा मिश्रण पातळ करून इंजिन चालू केल्यावर तेलाच्या दाबावर नजर ठेवणे आणि जवळच्या धावपट्टीवर उतरणे क्रमप्राप्त ठरते. खरी कसोटी निदानाची आहे. काटा बाहेरच्या दाबावर येऊन थांबला आहे, हा संकेत साध्या ॲरोच्या वैमानिकाने आजवर कधीही वाचलेला नसतो.

उंची, प्राणवायू आणि उतरणीचे गणित

टर्बोचार्जर घेतला जातो तो उंचीसाठी. ढगांच्या वर, पर्वतांच्या वर, अनुकूल वाऱ्यात जाता यावे हा त्यामागील हेतू असतो. टर्बो ॲरोला २०,००० फुटांपर्यंत उडण्यास मान्यता आहे, परंतु तिच्या आसनकक्षात दाब राखण्याची सोय नाही. इंजिनाला मिळते ती दाबलेली हवा. वैमानिकाला मिळते ती बाहेरची. १८,००० फुटांवर प्राणवायूचा पुरवठा खंडित झाल्यास उपयुक्त भान साधारणपणे वीस ते तीस मिनिटे टिकते. हा काळ पुरेसा वाटतो, पण प्राणवायूच्या कमतरतेचे पहिले लक्षण अनेकदा अस्वस्थता नसून समाधान असते. सर्व काही ठीक चालले आहे असे वाटणे हेच त्या अवस्थेचे लक्षण असेल, तर स्वतःच्या अनुभवाचा आधार घेणे निरर्थक ठरते. अमेरिकी नियमांनुसार १२,५०० फुटांच्या वर १४,००० फुटांपर्यंत तीस मिनिटांहून अधिक काळ राहिल्यास आणि १४,००० च्या वर सर्वकाळ वैमानिकाने प्राणवायू घेणे बंधनकारक आहे; १५,००० च्या वर तो प्रवाशांनाही उपलब्ध करून द्यावा लागतो. नाकाशी लावायची साधी नळी १८,००० फुटांपर्यंत चालते, त्यापुढे मुखवटा लागतो.

उतरणीचे गणित तुलनेने साधे आहे, तथापि त्यातही जुनी सवय नडते. ६,५०० फुटांवरून १,५०० फुटांवर यायला मिनिटाला ५०० फूट या सुखकर वेगाने दहा मिनिटे लागतात. जमिनीसापेक्ष वेग ताशी १३५ सागरी मैल असेल तर सुमारे २२ सागरी मैल आधी उतरू लागले की पुरते. १७,००० फुटांवरून त्याच दराने येण्यास ३१ मिनिटे लागतात. सरासरी वेग ताशी १६० सागरी मैल धरला तर सुमारे ८३ सागरी मैल, म्हणजे १५० किलोमीटरांहून अधिक अंतर आधी खाली वळावे लागते. मुंबई ते नाशिक या सरळ अंतरापेक्षाही हे अधिक आहे. गंतव्य दृष्टीस पडल्यावर उतरू लागणारा वैमानिक येथे फार उंच आणि फार वेगात असतो. मग तो थ्रॉटल एकदम मागे ओढतो. तापलेले सिलिंडर अशा वेळी झपाट्याने थंड होऊन तडकतात की नाही याविषयी अभियंत्यांत मतभेद आहेत. परंतु टर्बोचार्जरच्या इंजिनात शक्ती टप्प्याटप्प्याने कमी करावी हा सल्ला दोन्ही बाजूंना मान्य होण्यासारखा आहे, कारण त्याचे मोल काही मिनिटांच्या पूर्वनियोजनापलीकडे नाही.

परवाना आणि प्रशिक्षण

या सर्व फरकांची दखल कायदा घेतो काय? अमेरिकेत १९९७ पासून 'गुंतागुंतीचे' विमान आणि 'अधिक शक्तीचे' विमान यांसाठी प्रशिक्षकाची स्वतंत्र नोंद आवश्यक आहे. आत जाणारी चाके, पंखांच्या मागील झडपा आणि बदलत्या कोनाचा पंखा असलेले विमान पहिल्या वर्गात येते. दोन्ही ॲरो त्यातच मोडतात, म्हणजे साध्या ॲरोच्या वैमानिकाकडे ती नोंद असतेच. दुसऱ्या वर्गासाठी इंजिन २०० अश्वशक्तीहून अधिक असावे लागते. टर्बो ॲरोचे इंजिन बरोबर २०० चे आहे. म्हणून ती या वर्गात येत नाही. अत्युच्च उंचीची तिसरी नोंद २५,००० फुटांच्या वर जाणाऱ्या, आसनकक्षात दाब राखणाऱ्या विमानांना लागू आहे. निव्वळ टर्बोचार्जर आहे म्हणून कोणतीही नोंद लागत नाही. परिणामी साध्या ॲरोचा वैमानिक कायद्याने एका तासाचेही प्रशिक्षण न घेता टर्बो ॲरो घेऊन उडू शकतो. युरोपीय नियमांत मात्र टर्बो किंवा सुपरचार्जर असलेल्या इंजिनासाठी फरकाचे प्रशिक्षण घेऊन त्याची नोंद उड्डाण-वहीत प्रशिक्षकाकडून करून घ्यावी लागते. या मुद्द्यावर युरोपीय दृष्टी अधिक डोळस म्हणावी लागेल. अमेरिकेत ही उणीव व्यवहारात विमा कंपन्या भरून काढतात. विशिष्ट प्रकारच्या विमानावर प्रशिक्षकाबरोबर इतके तास, अशी अट त्या घालतात. तास मोजणे सोपे असते. त्या तासांत काय घडले हे मोजणे अवघड.

प्रशिक्षणाचा गाभा विमान सुरू करण्यापूर्वीच गाठता येतो. उभ्या विमानात बसून, पुस्तिका मांडीवर घेऊन, वैमानिकाने दोन विमानांतील फरकांची यादी स्वतः तयार करावी. प्रशिक्षकाने दिलेली छापील यादी येथे कमी पडते, कारण ती विमानातील फरक सांगते, या विशिष्ट माणसाच्या सवयी सांगत नाही. इंजिन अडखळले असे सांगून डोळे मिटायला लावावेत आणि हात कोठे जातो ते पाहावे. तो पंपाच्या कळीकडे किंवा मिश्रणाच्या दांड्याकडे पुढे ढकलण्यासाठी गेला, तर कोणता धडा अगोदर घ्यायचा हे ठरून जाते. पुढील उड्डाणे प्रथम कमी उंचीवर व्हावीत, पण तेवढ्यावर थांबू नये. दोन हजार फुटांवर फेऱ्या मारून दिलेले प्रमाणपत्र १६,००० फुटांवरील विमानाविषयी काहीच सांगत नाही. प्राणवायूची नळी लावून, लांबच्या उतरणीचा हिशेब करून केलेले एक तरी उड्डाण प्रशिक्षकाच्या सोबतीने झाले पाहिजे.

प्रशिक्षकाची निवड हाही येथे कळीचा प्रश्न आहे. ज्याने साध्या ॲरोवर हजार तास शिकविले आहे तो स्वतः त्याच सवयींचा वाहक असू शकतो. शिवाय 'टर्बो ॲरो' या एका नावाखालीही सर्व विमाने सारखी राहिलेली नाहीत. अनेक मालकांनी स्थिर झडपेच्या जागी मागाहून स्वयंचलित झडप बसवून घेतली, आणि अशा विमानात थ्रॉटलचे वर्तन पुन्हा वेगळे असते. म्हणून निर्मात्याच्या पुस्तिकेबरोबर त्या विशिष्ट विमानाची सुधारणा-पत्रेही वाचावी लागतात.

उड्डाण संपल्यावरही एक फरक शिल्लक असतो. साध्या ॲरोचा वैमानिक विमान जागेवर उभे करतो आणि मिश्रण तोडून इंजिन बंद करतो. टर्बो ॲरोच्या टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या वायूच्या तापमानाची मर्यादा १६५० अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ९०० अंश सेल्सिअस आहे. त्या उष्णतेत इंजिन बंद केल्यास तेलाचा प्रवाह थांबतो आणि धारव्यांत अडकलेले तेल जळून त्याचा कोळसा होऊ शकतो. म्हणून इंजिन तीन ते पाच मिनिटे मंद चालवून मग बंद करावे असा रूढ सल्ला आहे. उतरताना कमी केलेल्या शक्तीमुळे टर्बाइन धावपट्टीवर येईपर्यंतच पुरेसे निवलेले असते आणि जागेवर उभे राहून इंजिन चालविल्याने ते उलट थोडे तापते, असा दुसरा पक्ष आहे. तापमापकाच्या नोंदी पाहता त्यात तथ्य दिसते. लांब धावपट्टीवरून सावकाश आलेल्या विमानाला वेगळा थांबा क्वचितच लागतो. छोट्या धावपट्टीवर उतरून, चढावर इंजिन जोरात चालवून जागेवर पोहोचलेल्या विमानाला तो लागतो. दाराशी प्रवासी उतरण्यासाठी खोळंबलेले असताना ती मिनिटे घड्याळाकडे पाहत काढावी लागतात.